गाडीला एचआयडी दिवे: आधी रिफ्लेक्टर बघा, मग बल्ब

पहिलं एचआयडी (हाय इंटेन्सिटी डिस्चार्ज) दिव्यांचं किट मी बसवलं ते एच४ बल्बच्या, म्हणजे अप्पर-डिपर एकाच हॅलोजन बल्बमध्ये असलेल्या एका जुन्या हॅचबॅकला, आणि सगळी चूक तिथेच झाली. किट ८००० केल्विनचं, म्हणजे निळ्या रंगाच्या उजेडाचं. दुकानाच्या शटरवर उजेड टाकला तेव्हा बघणारे चार जण वा वा म्हणाले. मग जुलैत पोलादपूरहून आंबेनळी घाट चढायला लागलो आणि ओल्या डांबरावर तो निळसर उजेड कुठे जिरला ते कळेना. कडेची पांढरी पट्टी दिसेना, कठडा दिसेना. समोरून उतरणारा एसटीवाला मात्र अप्पर मारून मारून वैतागला. मला दिसत नव्हतं ते नव्हतंच, माझ्यामुळे त्यालाही दिसत नव्हतं. परत आल्यावर किट काढलं आणि उजेडाचा अभ्यास सुरू केला. तो आधी करायला हवा होता.

उजेड येतो कुठून, जातो कुठे

हॅलोजन बल्बमध्ये तार तापून उजेड देते. एचआयडीत तार नसतेच. क्वार्ट्झच्या छोट्या कुपीत झेनॉन वायू आणि धातूंचे क्षार असतात आणि दोन टोकांच्या मध्ये विजेची कमान पेटते. ती पेटवायला क्षणभर २० हजार व्होल्टच्या वर दाब लागतो. पेटल्यावर मात्र ८५ किंवा ४२ व्होल्टवर ती टिकून राहते. बॅटरीच्या १२ व्होल्टमधून हे सगळं घडवून आणणारा डबा म्हणजे बॅलास्ट. मोटारीत हे दिवे पहिल्यांदा आले १९९१ मध्ये, बीएमडब्ल्यूच्या ७ सिरीजमध्ये.

हिशेब आकर्षक आहे. ५५ वॅटचा एच७ हॅलोजन साधारण १५०० ल्युमेन (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) देतो, एच४ ची डिपरची तार साधारण १०००. ३५ वॅटचा डी२एस झेनॉन (एचआयडीलाच झेनॉनही म्हणतात) देतो सुमारे ३२००. कमी वीज, दुप्पट-तिप्पट उजेड. लोक इथेच भाळतात, मीही भाळलो होतो.

पण रिफ्लेक्टरची, म्हणजे बल्बमागच्या चकचकीत आरशाची, प्रत्येक वक्र पट्टी हॅलोजनच्या तारेची जागा आणि लांबी धरून घडवलेली असते. एच४ मध्ये तर दोन तारा असतात, आणि डिपरच्या तारेखाली एक चिमुकली धातूची वाटी असते. ती वाटी खालच्या अर्ध्या रिफ्लेक्टरकडे जाणारा उजेड अडवते, म्हणूनच डिपरचा झोत समोरच्याच्या डोळ्यांखाली राहतो. तिथे एचआयडी घातली की कमानीचा आकार वेगळा, जागा मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकलेली, वाटी तर भरवशाची नाहीच. बल्बपाशी मिलिमीटरचा फरक म्हणजे पन्नास मीटरवर समोरच्या ड्रायव्हरच्या काचेवर पसरलेला पांढरा पडदा. बल्ब कितीही नामांकित कंपनीचा आणा, हे सुटत नाही. खाली कोन देऊन झोत दाबला तर चकाकी थोडी कमी होते आणि तुमच्याच बंपरपुढचे दहा मीटर लखलखतात. डोळे त्या उजेडाला सरावतात आणि लांबचा अंधार आणखी काळा होतो.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे: साध्या रिफ्लेक्टरमध्ये एचआयडी बल्ब घालू नका. प्रोजेक्टर, म्हणजे भिंगातून झोत टाकणारा आणि आतल्या पट्टीने त्याचा वरचा भाग कापणारा दिवा, बसवणार असाल तर पुढे वाचा.

कायद्याचं काय

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०६ मध्ये समोरचा दिवा खाली झुकलेला असावा आणि ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवणारा नसावा, असं सांगितलेलं आहे. हॅलोजनवर मान्यता मिळालेल्या गाडीत बाहेरचं किट घालणं या सगळ्यात अडकतं. युरोपातल्या नियमांत तर २००० ल्युमेनच्या वरच्या डिपर दिव्याला आपोआप उंची जुळवणारी यंत्रणा आणि काच धुणारा फवारा सक्तीचा आहे, कारण इतक्या उजेडात काचेवरचा चिखलसुद्धा चकाकी पसरवतो. बाहेरून आणलेल्या किटबरोबर यातलं काहीच येत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर वायरिंगला हात लावल्यावर विजेच्या बिघाडाचे दावे अडतात, हेही धरून चाला. आरटीओत विचारल्याशिवाय पैसे मोजू नका.

खर्चाआधी एक रविवार

एचआयडी हवी असं म्हणणाऱ्या दहातल्या निम्म्यांना खरं तर आपले हॅलोजन नीट चालायला हवे असतात. मल्टिमीटर घ्या, इंजिन चालू ठेवा, दिवे लावा आणि होल्डरच्या मागे व्होल्टेज मोजा. बॅटरीवर साडेतेरा-चौदा आणि होल्डरवर बारा दिसत असेल तर चोर तुमच्या बारीक वायरींत आणि जुन्या स्विचमध्ये आहे. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने पडतो: १३.२ ऐवजी १२ व्होल्ट मिळाले तर उजेड जवळपास पाऊण पटीवर येतो. बॅटरीपासून थेट जाड वायर, दोन रिले (विजेच्या इशाऱ्यावर चालणारे स्विच) आणि फ्यूज असलेली तयार हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, लावली की जुनेच बल्ब ताजेतवाने होतात. गॅरेजवाला १००/९० वॅटचे बल्ब सुचवेल. होल्डर वितळलेला बघायचा असेल तरच घ्या.

काच पिवळी पडली असेल तर पाण्यात भिजवलेला ८०० चा पॉलिश पेपर, मग १५००, मग २०००, शेवटी कंपाउंड आणि वरून अल्ट्राव्हायोलेट रोखणारा क्लिअर कोट. कोट टाळलात तर वर्षभरात पुन्हा पिवळं. एवढं करून, दिव्यांची उंची जुळवून (पद्धत खाली दिली आहे) एक रात्र गाडी चालवा. त्यावर समाधान झालं तर या लेखाचा पुढचा भाग तुमच्यासाठी नाही, आणि त्याचा मला आनंदच आहे.

कुणासाठी कुठली वाट

गाडीत कंपनीचेच झेनॉन असतील आणि एक बल्ब गेला असेल, तर तुमचं काम सर्वात सोपं आहे, फक्त कोड नीट वाचा. बल्बच्या बुडाशी डी१एस, डी२एस, डी३एस, डी४एस असं छापलेलं असतं. डी१ आणि डी३ मध्ये पेटवणारा इग्नायटर बल्बलाच जोडलेला असतो, डी२ आणि डी४ मध्ये वेगळा. डी१ आणि डी२ मध्ये पारा असतो आणि ते ८५ व्होल्टवर चालतात. डी३, डी४ बिनपाऱ्याचे, ४२ व्होल्टचे. म्हणून डी२एसच्या जागी डी४एस चालत नाही, दुकानदार काहीही म्हणो. शेवटचा ‘एस’ म्हणजे प्रोजेक्टरसाठी, ‘आर’ म्हणजे रिफ्लेक्टरसाठी. ‘आर’ च्या काचेवर उजेड अडवणारा काळसर पट्टा रंगवलेला असतो. बल्ब नेहमी जोडीने बदला. जुना झेनॉन वयाबरोबर रंग बदलतो, एकच नवा घातला तर गाडी दोन रंगांच्या डोळ्यांनी बघते. पाऱ्याचे जुने बल्ब कचराकुंडीत टाकू नका, ई-कचऱ्यात द्या.

तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीचे प्रोजेक्टर हेडलाइट असतील तर पूर्ण असेंब्ली बदलणं ही दुसरी वाट. जागा, स्क्रू, उंची जुळवण्याची सोय सगळं आयतं मिळतं. पुण्यात नाना पेठ किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुना माल धुंडाळायला जाणार असाल, तर असेंब्लीचे कान तुटून चिकटवलेले नाहीत ना, आणि आत ओल धरल्याचा पांढरट डाग नाही ना, एवढं बघाच. हॅलोजनसाठी घडवलेल्या प्रोजेक्टरमध्ये एचआयडी घालणं रिफ्लेक्टरपेक्षा बरं, कारण आतली पट्टी झोताचा वरचा भाग कापते. पण मधला तेजस्वी गोळा विस्कटतो आणि कायद्याचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

तिसरी वाट हौशी लोकांची: हेडलाइट उघडून आत बाय-झेनॉन प्रोजेक्टर बसवणं. या प्रोजेक्टरमध्ये एक पातळ धातूची पट्टी असते. डिपरवर ती झोत कापते, अप्परला सोलेनॉइड (विजेवर चालणारा छोटा चुंबक) तिला खाली पाडतो. बल्ब बंद-चालू होतच नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण थंड झेनॉनला पूर्ण उजेडावर यायला काही सेकंद लागतात. आपल्याकडे ओव्हरटेक करताना, वळणावर, एसटीला वाट देताना सतत अप्पर-डिपर चालतं. त्या खेळात नुसती एचआयडी अप्परला घातली तर उजेड येईपर्यंत वळण संपलेलं असतं आणि बल्बचं आयुष्यही झपाट्याने घटतं.

खरेदी करताना

केल्विन म्हणजे उजेडाचा रंग, त्याची ताकद नव्हे. कंपन्या आपल्या गाड्यांना ४३०० केल्विनच्या आसपासचा, किंचित उबदार पांढरा देतात, तो उगाच नाही. ५००० ला शुभ्र होतो, ६००० ला निळसर झाक येते, ८००० ला निळा. आणि वर जाल तसे ल्युमेन घटत जातात. कोकणात, घाटात, पावसात गाडी चालत असेल तर ४३०० घ्या. वॅट ३५ च घ्या. ५५ वॅटचे बॅलास्ट मिळतात, पण त्यांच्या उष्णतेने प्रोजेक्टरच्या आतला चकचकीत मुलामा करपतो आणि मग उजेड ३५ पेक्षाही कमी होतो.

प्रोजेक्टर घेताना सगळ्यात जास्त फसगत होते ती बाजूची. डिपरच्या झोताची रेषा एका बाजूला वर चढते, म्हणजे रस्त्याच्या कडेचे फलक आणि माणसं दिसावीत. आपण डावीकडून चालवतो, म्हणून ती पायरी डावीकडे चढायला हवी. अमेरिकेसाठी बनवलेल्या प्रोजेक्टरमध्ये ती उजवीकडे चढते, थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. पाकिटावर काय लिहिलंय यावर जाऊ नका, दुकानात भिंतीवर पाडून बघा. नाहीतर सगळं सील केल्यावर कळतं. माझ्या एका मित्राला कळलं होतं.

बसवण्याचं काम

पेटताना या वायरींत वीस हजारांवर व्होल्ट असतात. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढल्याशिवाय कशालाही हात लावू नका. बॅलास्ट उघडून बघण्याचा मोह टाळा. बल्बची काच बोटांनी धरू नका. लागलीच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

पहिला दिवस हेडलाइट काढण्यात जातो. बहुतेक गाड्यांत बंपर सैल केल्याशिवाय असेंब्ली निघत नाही. काढलेले क्लिप आणि स्क्रू कुठल्या भोकाचे होते ते मोबाइलवर टिपत जा. असेंब्ली बाहेर आली की बल्ब, रबरी टोप्या, धातूचे स्क्रू आणि क्लिप सगळे काढा. काच ब्यूटाइल सिलंटने चिकटवलेली असेल तर ओव्हनमध्ये साधारण ११० अंशांवर आठ-दहा मिनिटं गरम केल्यावर ती मऊ पडते. खालची जाळी प्लास्टिकला टेकू नये म्हणून लाकडाची फळी ठेवा. घरचा ओव्हन वापरणार असाल तर वास दोन दिवस जात नाही, हे घरच्यांना आधी सांगा. काही गाड्यांत कडक जातीचं सिलंट असतं, ते मऊ पडतच नाही. अशी असेंब्ली ओढाताण करून उघडू नका, काच तडकते.

एच४ च्या भोकातून बसणाऱ्या छोट्या अडीच इंची प्रोजेक्टरला मागे आटे असतात. भोकातून दांडा मागे काढायचा, सिलिकॉनची चकती, वायसर, मग नट. हाताने बसेल इतकाच आवळा. नट पक्का करण्याआधी प्रोजेक्टर किंचित फिरवता येतो आणि हीच संधी असते झोताची रेषा आडवी आणण्याची. असेंब्ली तात्पुरती गाडीत ठेवा, वायरी जोडा, भिंतीवर बघा, रेषा कलती असेल तर फिरवा, पुन्हा बघा. दोन्ही बाजूंचं हे काम मला तीन तास लागलं होतं. याच टप्प्यावर घाई केलेले दिवे रस्त्यावर लगेच ओळखू येतात: एक डोळा आकाशाकडे, एक गटाराकडे.

काच परत लावताना जुनं सिलंट पूर्ण खरवडून नवीन ब्यूटाइल भरा. आतला हात लागलेला मुलामा पुसायला जाऊ नका, चरे पडतात. हवा जाण्याची जी छोटी नळी किंवा भोक मूळ असेंब्लीत असतं ते बंद करू नका. ते बंद झालं की पहिल्याच पावसात आत धुकं.

वायरिंगसाठी हार्नेस घ्या, मूळ वायरींवर बॅलास्ट टांगू नका. ३५ वॅटचा बॅलास्ट चालू असताना साडेतीन अँपिअरच्या आसपास ओढतो, पण पेटताना काही सेकंद त्याच्या दुप्पट-तिप्पट. मूळ स्विच आणि फ्यूज हा झटका रोज सोसत नाहीत. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून २.५ चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज, मग रिले, तिथून दोन्ही बॅलास्ट. रिलेच्या ३० नंबरला बॅटरी, ८७ ला बॅलास्ट, ८५ आणि ८६ ला मूळ होल्डरकडून आलेला इशारा. फ्यूजचा आकडा हार्नेसवाल्याने दिला असेल तोच ठेवा. अर्थिंगसाठी बॉडीवरचा रंग खरवडून थिंबल नटाने आवळा. दिवा लुकलुकण्याच्या तक्रारींत अर्धा दोष इथलाच निघतो.

एच४ मध्ये तीन पिना असतात आणि इथे एक गोम आहे. जपानी रचनेच्या बऱ्याच गाड्यांत पॉझिटिव्ह कायम असतं आणि स्विच निगेटिव्ह जोडतो, इतरांत उलट. टेस्ट लॅम्पने तपासल्याशिवाय गृहीत धरू नका. बाय-झेनॉनची हार्नेस अशी हवी की अप्पर मारल्यावरही बल्बचा रिले चालू राहील आणि अप्परचा इशारा फक्त सोलेनॉइडला जाईल. अप्पर करताक्षणी दिवा विझून पुन्हा पेटत असेल तर हार्नेस चुकीची आहे.

बॅलास्ट धातूच्या पट्टीवर स्क्रूने बसवा, रेडिएटर आणि एक्झॉस्टपासून लांब. वायर बाहेर येते ते तोंड खाली ठेवा, आणि वायरीला खाली झोल द्या, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकेल, डब्यात जाणार नाही. नुसत्या दुहेरी टेपने चिकटवलेला बॅलास्ट पहिल्या खड्ड्याला लोंबतो. इग्नायटरची जाड वायर कापून छोटी करायची नाही आणि रेडिओच्या किंवा सेन्सरच्या वायरींबरोबर एकाच केबल टायमध्ये बांधायची नाही.

उंची जुळवणं, म्हणजेच खरं काम

सोसायटीच्या पार्किंगमध्ये सपाट जागा आणि समोर भिंत शोधा. टायरमध्ये हवा बरोबर, टाकी अर्धी, ड्रायव्हरच्या जागी तुमच्याच वजनाचं कुणीतरी बसवा. डॅशबोर्डवर दिव्यांच्या उंचीचं चाक असेल तर शून्यावर. गाडी भिंतीला चिकटवून दोन्ही दिव्यांचे मध्य भिंतीवर टेपने खुणा करा, मग सरळ मागे घ्या, साडेसात मीटर. हेडलाइटवर किंवा बोनेटखाली १% किंवा १.२% असं छापलेलं असेल तर तेवढा उतार. १% म्हणजे साडेसात मीटरवर साडेसात सेंटिमीटर. मध्याच्या खुणेखाली तेवढं अंतर सोडून आडवी टेप मारा. झोताची सपाट कड त्या टेपवर यायला हवी, आणि वर चढणारी पायरी त्या त्या दिव्याच्या मध्याजवळून डावीकडे. एका दिव्याला कापड झाका, दुसरा जुळवा, मग अदलाबदल. संशय असेल तेव्हा बोटभर खाली ठेवा, वर नको.

मागे तीन माणसं आणि डिकीत गणपतीला गावी न्यायचं सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं आणि जुळवलेला झोत थेट समोरच्याच्या काचेत जातो. डॅशबोर्डवरचं ते ० ते ३ चं चाक त्यासाठीच असतं. विक्रीच्या वेळी कुणी सांगत नाही म्हणून बरेच जण ते कधी फिरवतच नाहीत.

बसवल्यावर

एकच बाजू पेटत नसेल तर दोन्ही बल्ब आपसांत बदला. दोष बल्बबरोबर गेला तर बल्ब, जागेवरच राहिला तर बॅलास्ट किंवा कपलर. युरोपीय गाड्यांत कॉम्प्युटर बल्ब तपासत असतो, तिथे ‘बल्ब गेला’ अशी सूचना येते किंवा दिवा लुकलुकतो. त्यासाठी गाडीच्या कॉम्प्युटरशी जुळणारा वेगळा ‘कॅनबस’ बॅलास्ट लागतो. दिवसा हेडलाइट मंद पेटवणाऱ्या गाड्यांत एचआयडी त्या मंद विजेवर चालत नाही, ती सोय आधी बंद करून घ्या. उजेड गुलाबी-जांभळा पडायला लागला तर बल्ब म्हातारा झालाय, विझायची वाट न बघता जोडी मागवा.

धुक्याच्या दिव्यांत मात्र एचआयडी घालू नका. धुक्यात जास्त उजेड म्हणजे समोर जास्त पांढरी भिंत; ते दिवे खाली आणि रुंद असतात तेच बरोबर.

पहिल्या पावसानंतर सकाळी काचेच्या आत बघा. कोपऱ्यात हलकी वाफ येऊन दुपारपर्यंत गेली तर ठीक. थेंब जमून तळाशी पाणी दिसलं तर कुठल्या कडेने आत आलं ते बघून सिलंट पुन्हा भरायचं. महिन्याभराने प्रोजेक्टरचे नट आणि बॅलास्टचे स्क्रू एकदा तपासा, आणि भिंतीसमोर गाडी पुन्हा उभी करा. माझा उजवीकडचा झोत पहिल्या महिन्यातच चार बोटं खाली आला होता.